उसाच्या फडात वाचलेलं बायबल

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांच्या ग्रुपवर पावसाळा आला की एकच विषय निघतो, यंदा रिट्रीटला कुठं जायचं. कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी आंबोली, कुणाला गोवाच पाहिजे असतो. मग फोटो पडायला लागतात, धुकं, दरी, धबधबा आणि खाली एखादं वचन. मलाही ते फोटो आवडतात, मी पण फॉरवर्ड करते. पण गेली काही वर्षं मनात एक गोष्ट घोळतेय ती आज लिहूनच टाकते. देवाची सृष्टी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं फक्त पॉइंट येतो, गाडी लावायची, उभं राहायचं, बघायचं आणि परत फिरायचं. बायबलात तसा पॉइंट जवळपास कुठंच नाही हो. तिथं शेत आहे. पेरणारा माणूस, गव्हात उगवलेलं निदण, मोहरीचा दाणा, फळ न देणारं अंजिराचं झाड, द्राक्षमळ्यात दिवस मावळताना कामाला लागलेले मजूर, हरवलेलं मेंढरू. येशूनं देवाचं राज्य समजावलं ते राबत्या जमिनीवरनं. आणि असली जमीन बघायला आपल्याला कुठं लांब जायचं, कोल्हापुरातला शिवाजी पूल ओलांडला की सुरूच होते.

माझं आजोळ कोडोलीच्या बाजूला, वारणेकडं. मामाचा ऊस आहे, थोडं भात, थोडा हरभरा. कोल्हापुरात 1852 मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि पुढं या पट्ट्यात गावोगाव छोट्या छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या मंडळ्यांमधली कितीतरी घरं भूमिहीन होती हे फारसं कुणी सांगत नाही. आमच्या घरातली जुनी माणसं दुसऱ्याच्या रानात राबायची. त्यामुळं माझ्या आज्जीला रूथची गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही, कापणी झाल्यावर मागं पडलेली कणसं वेचणं म्हणजे काय हे तिच्या कमरेला माहीत होतं. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत सगळं कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या असं लेवीय 19 मध्ये आहे, ते ती पाठ म्हणायची आणि म्हणताना आवाज चढायचा तिचा. म्हणून आमच्या घरात हिरवंगार रान बघून नुसतं किती सुंदर असं कुणी म्हणत नाही, ह्यात कुणाचा घाम आहे हे पण लगेच बोललं जातं. मला वाटतं ती पण प्रार्थनाच आहे.

तरी पठारापासनंच सुरू करते, कारण मसाई पठारानं मला एक गोष्ट शिकवली जी पेरणाऱ्याच्या दाखल्यात मला कधी दिसली नव्हती.

पन्हाळ्याच्या पश्चिमेला हे पठार, सगळा जांभा दगड, वर माती म्हणाल तर बोटभर, काही ठिकाणी तेवढीपण नाही. उन्हाळ्यात जाऊन बघा, तवा झालेला असतो. मार्क 4 मध्ये येशू सांगतो ना, काही बी खडकाळीवर पडलं, माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं आणि ऊन झाल्यावर मूळ नसल्यामुळं वाळून गेलं. लहानपणापासनं मी ऐकत आले की खडकाळ जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, तसं मन होऊ देऊ नका. आणि मग सप्टेंबरात त्या पठारावर पाय ठेवला की पाय कुठं ठेवायचा हाच प्रश्न पडतो. गेंदाची पांढरी बटणं, सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, आणि पाणी साचलेल्या जागी सीतेची आसवं, निळी जांभळी, नखाएवढी. गुडघ्यावर बसून एक फूल जवळनं बघितलं मी. ज्या भेगेत ते उभं होतं तिथं माती जवळपास नव्हतीच, ओलसर दगड होता आणि शेवाळ. ह्या झाडाला मातीतनं पुरेसं खायला मिळत नाही म्हणून पाण्यातले बारीक जीव पकडून त्यावर ते जगतं. म्हणजे गव्हाला जी जमीन नापास, तिच्यासाठी देवानं वेगळी फुलं केली आहेत. आणि ही फुलं राहतात किती दिवस, पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की संपलं. मत्तय 6 मध्ये येशू रानफुलांबद्दल बोलतो तिथं पण तेच आहे, आज आहे आणि उद्या भट्टीत पडणारं गवत, आणि तरी शलमोनाला त्याच्या सगळ्या वैभवात असा पोशाख मिळाला नाही. मला खूप रडू आलं होतं तिथं, कारण त्या काळात माझं स्वतःचं मन अगदी त्या जांभ्यासारखं झालं होतं, काही रुजतच नव्हतं, ना वचन ना प्रार्थना. दाखला खोटा नाही, खोल माती पाहिजेच. पण खडकाळीवर देव पाऊस पाडायचं थांबवत नाही.

आता उसाचं. हे मला खरं सांगायचंय.

आपल्याकडं आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, येतो तो ऐन ऊसतोडीत. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात, मराठवाड्यातनं टोळ्या येतात, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाल्याच्या झोपड्या, पडतात, रात्रभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर. चर्चमध्ये आपण यशया 11 वाचतो, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. शहरात बसून ऐकताना हे छान वाटतं, कॅरल सर्व्हिसच्या कार्यक्रमपत्रिकेवर कोंबाचं चित्रपण छापतात. पण ऊस तुटून गेल्यावरचं रान तुम्ही कधी बघितलंय का? काल जिथं डोक्याच्या वर गेलेला हिरवा फड होता तिथं आज नुसतं उघडं रान, सगळीकडं वाळलेला पाला आणि त्यातनं वर आलेले तिरके कापलेले बुडखे, चालताना पायाला लागतात. यशयाच्या दहाव्या अध्यायाचा शेवट असाच आहे, देव उंच उंच झाडं कुऱ्हाडीनं पाडतो, रान मोकळं होतं आणि मग अकरावा अध्याय लागतो. आपण दहावा सोडून थेट अकरावा वाचतो म्हणून तो धुमारा एवढा स्वस्त वाटतो.

मामा खोडवा ठेवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऊस तोडल्यावर परत लागण न करता त्याच बुडख्यापासनं पुढचं पीक घ्यायचं म्हणजे खोडवा. एका डिसेंबरात मी गेले तर मामा आणि मामी हातात धारदार कोयतं घेऊन बुडखे छाटत होती, अगदी जमिनीलगत. मला कळेना, आधीच एवढा कापलाय, त्याला आणखी कशाला कापायचं, आणि काही बुडख्यांना तर वरच्या डोळ्यातनं (कांडीवर कोंब फुटतो ती जागा) हिरवे कोंब पण फुटलेले, ते पण हे दोघं उडवत होते. मी म्हटलं, “मामा, फुटलेलं का कापताय?”

मामा म्हणाला, “वरच्या डोळ्याचा कोंब दिसायला बरा दिसतोय बाई, पण त्येला तकवा न्हाई. वाऱ्यानं पडतोय. जमिनीच्या खालच्या डोळ्यातनं जो येतोय त्यो खरा. म्हणून वरचं सगळं काढायचं.”

मी तिथं बांधावर बसून मोबाईलवर यशया 11 परत वाचला. आणि तेव्हा लक्षात आलं की तिथं दाविदाच्या बुंध्याला असं नाही लिहिलेलं, इशायाच्या बुंध्याला असं आहे. दावीद राजा, सिंहासन, महाल, ते सगळं वरचं. इशाय कोण तर बेथलेहेमातला मेंढरं बाळगणारा शेतकरी माणूस, ज्याचा धाकटा पोरगा दावीद रानात मेंढरांमागं होता. देवानं राजघराण्याच्या वरच्या डोळ्यातनं नवीन राजा आणला नाही, पार जमिनीलगत छाटलं, यरुशलेम पडलं, बाबेलचा बंदिवास झाला, शेकडो वर्षं गादीवर कुणी नाही, आणि मग खालच्या डोळ्यातनं कोंब आला, परत बेथलेहेमातच आणि गोठ्यात. मी हे कुठल्या प्रवचनात ऐकलं नव्हतं. मामानं पण काही आध्यात्मिक सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं, तो खोडव्याचं सांगत होता.

पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचं, पण सांगितलं पाहिजे. पूर्वी सगळे पेटवून द्यायचे, अजून बरेच जण पेटवतात, रात्री रस्त्यानं येताना दोन्हीकडं आगीच्या रांगा दिसतात. एकरी 3-4 टन पाचट निघतं आणि ते जाळलं की जमिनीत जाणारा सगळा सेंद्रिय माल धूर होऊन जातो, वर मातीतले जीव होरपळतात ते वेगळंच. मामा आता पाचट बुडख्यावरनं बाजूला ओढतो म्हणजे बुडख्याला ऊन लागतं, आणि सरीत कुजू देतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला, दोन्ही. मशागत आपण जोरात केली, राखायचं राहूनच गेलं. पंचगंगेचं पाणी बघा, उन्हाळ्यात केंदाळ, ती पाण्यावर पसरणारी जलपर्णी, किती माजतं बघा. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती माणसानं नदीबद्दल बोलायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पवित्र आत्म्याबद्दल जेवढं बोलतो तेवढंच, कारण देवाच्या सृष्टीचं गाणं म्हणायचं आणि तिच्यात मैलापाणी सोडलेलं चालवून घ्यायचं हे जमत नाही.

आणि त्या टोळ्यातल्या माणसांबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. पहाटे थंडीत फडात शिरतात, बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढतात, पोरं कोपीत नाहीतर फडाच्या कडेला. तोडलेल्या उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, विकून वरचे चार पैसे करतात. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे, शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत पोचलंय. नाताळात आपण गव्हाणीचा देखावा करतो तेव्हा दोन किलोमीटरवर एका कोपीत तान्हं पोर असतं. आमच्या मंडळीनं मामीच्या मागं लागण्यामुळं घोंगड्या आणि दुधाचं सुरू केलंय. फार मोठं काही नाही, पण सुरू केलंय.

मेंढरांचं थोडक्यात. आमच्याकडं मेंढराला बकरीच म्हणतात आणि रानात बकरी बसवायची पद्धत आहे. धनगर कळप घेऊन येतो, वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावतो, रात्रभर कळप त्या रानात बसतो, लेंडी आणि मूत सगळं जमिनीला मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. दुसऱ्या रात्री पुढचा पट्टा. 23वं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, हे आपल्याला झोपेतपण येतं. त्यात हिरवी कुरणं आहेत, पाणी आहे, काठी आहे, आणि शेवटी दावीद म्हणतो की चांगुलपणा आणि दया आयुष्यभर माझ्या मागनं येतील. मला ते मागनं येणं कधी नीट समजलं नव्हतं. मग एका वर्षी बघितलं, मामाच्या ज्या पट्ट्यात बकरी बसली होती तिथलं पीक दोन महिन्यांनी काळंभोर हिरवं, शेजारचं फिकट, मध्ये रेघ ओढल्यागत फरक. कळप कधीच पुढच्या गावाला गेला होता. बकऱ्यांना काय माहीत त्यांच्या मागं काय उगवलं. आमची आज्जी जाऊन बरीच वर्षं झाली आणि अजून कुणीतरी गावातलं भेटतं आणि सांगतं, तुमच्या म्हातारीनं माझ्या आईला बाळंतपणात सांभाळलं होतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट नक्की सांगते, माती म्हणजे देव असं मी म्हणत नाही. नदीला मी देव मानत नाही, डोंगराला नाही. गावातले शेजारी नदीची ओटी भरतात, बेंदराच्या सणाला बैलांना ओवाळतात, त्यांच्या त्या मायेबद्दल मला आदर आहे आणि बेंदराला मामाच्या दारातपण बैल सजलेले असतात. आमची श्रद्धा एवढीच की हे सगळं त्यानं निर्माण केलेलं आहे आणि ते आपल्याबरोबर त्याची स्तुती करतंय, 148व्या स्तोत्रात गुरंढोरं, फळझाडं, टेकड्या सगळ्यांना हाक मारलीय तशी. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण मग डोंगराला माझ्यासाठी काही करायची गरज नाही आणि मला पण एकटीनं स्तुती करायची नाही.

पण मग पुराचं काय? हा प्रश्न टाळून निसर्गात देव भेटतो वगैरे लिहिणं मला कोल्हापुरात बसून जमत नाही.

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43, हे आकडे आपल्याकडच्या शाळेतल्या पोरालापण पाठ आहेत, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, शिरोळकडची गावंच्या गावं पाण्यात, इकडं वारणाकाठ पण पाण्याखाली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की एरवी आपण खूश होतो, त्या आठवड्यात ती बातमी ऐकून पोटात गोळा यायचा. मामाचा नदीकडचा ऊस पूर्ण बुडाला. वरनं शेंडा दिसत नव्हता. उसाचा पोंगा, म्हणजे शेंड्याची कोवळी गुंडाळी, पाण्यात राहिला आणि त्यात गाळ बसला की ऊस आतनं कुजतो, पाणी उतरल्यावर उभा दिसतो पण मेलेला असतो, आणि तो वास काही दिवस नाही, महिनाभर गावात होता. मामी शाळेत काढलेल्या छावणीत होती, म्हशी मात्र वेळेत वर आणल्या होत्या, देवाची कृपा.

त्या दिवसात कुणीतरी प्रार्थनेच्या वेळी बोललं की हा आपल्या पापांचा दंड आहे. मी काही बोलले नाही तिथं, पण मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. लूक 13 मध्ये येशू स्वतःच हाच प्रश्न विचारतो, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती काय बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती? आणि तो स्वच्छ नाही म्हणतो, वर सगळ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. बुडलेल्या माणसाकडं बोट दाखवायला तो जागाच ठेवत नाही. रोमकरांच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हतेय, वेणा देतेय असं आहे, मला पुराच्या वेळी ते जास्त खरं वाटलं. आणि हेही खरं की नदीकाठची आपली मळीची जमीन, जिच्यातली भाजी आपण चवीनं खातो, ती पिढ्यान्पिढ्या अशाच गाळानं तयार झालीय. ह्या दोन गोष्टी मी जुळवून दाखवू शकत नाही, दोन्ही धरून ठेवते.

मामीनं छावणीत वाचायला 69वं स्तोत्र काढलं. पाणी माझ्या गळ्याशी आलंय, मी खोल चिखलात रुततोय, पाय टेकायला जागा नाही, ओरडून ओरडून मी थकलोय. शेजारी बसलेल्या दुसऱ्या धर्मातल्या बायकापण ऐकत होत्या, एकीनं विचारलं हे तुमच्या पुस्तकात आधीपासनंच लिहिलंय होय?

पुढं काय झालं ते सांगते. त्याच लूक 13 मध्ये बुरुजाच्या लगेच खाली अंजिराच्या झाडाचा दाखला आहे, मालक म्हणतो तोडून टाक, जागा कशाला अडवतंय, आणि माळी म्हणतो, धनी, एक वर्ष आणखी राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मामानं कुजलेला ऊस काढला, गाळ जिथं फार होता तिथला उपसला, आणि वाट बघितली. महिनाभर रान नुसतं चिकट, पाय घातला तर निघेना. घाई करून पेरलं तर बी कुजतं, उशीर केला तर वरनं भेगा पडून ओल जाते, वाफसा यावा लागतो, म्हणजे ओल पेरणीपुरती बेताची व्हावी लागते. मामा रोज सकाळी जाऊन मूठभर माती हातात घेऊन दाबून बघायचा, गोळा होतोय का फुटतोय. ज्या दिवशी फुटला त्या दिवशी हरभरा पेरला, गाळाच्या ओलीवर, वेगळं पाणी न देता.

जानेवारीत हंगामाचा सण. दरवर्षी लोक भात, जोंधळा, ऊस, कोंबड्या, अंडी, नारळ, भोपळे घेऊन येतात आणि वेदीपुढं मांडतात, मग उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी वेदीपुढं बरीच जागा रिकामी होती. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं 65वं स्तोत्र काढलं, तू भूमीचा समाचार घेतोस, तिला भिजवतोस, तिच्या सऱ्या पाण्यानं भरतोस. मामी उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, आधी 69 वाचा, मग 65 वाचा.” त्यांनी तसंच वाचलं. तेव्हापासनं आमच्याकडं दरवर्षी दोन्ही वाचतात, ह्याच क्रमानं, आणि इतर मंडळ्यांनी पण वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मामीनं त्या वर्षी हरभऱ्याच्या डहाळ्याची मोठी पेंढी नेली होती. लिलावात ती पेंढी इतकी चढली की बोली लावणाऱ्या दोघांना पाळकसाहेबांनीच थांबवलं, निम्मी निम्मी वाटून दिली, आणि पैसे शिरोळच्या एका पडलेल्या घरासाठी पाठवले.

यंदाचा सण पण जानेवारीतच असेल. कुणाला यायचं असेल तर खरंच या, उपासना सकाळी असते आणि ती संपली की लिलाव लगेच सुरू होतो, म्हणून वेळेत या, आणि येताना वाटेत कुणाच्या तरी खोडव्यात पाच मिनिटं उतरून बुडख्याजवळचा कोंब नक्की बघा.